रविवारचं नाव

हे मी लिहावं का, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उमरग्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांची ही हकीकत आहे ते याकोबबाबा आमचे शेजारी असले, तरी ख्रिस्ती मंडळीतले आहेत. मी त्यांच्या धर्माचा नाही. त्यामुळे कुठे काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ती चूक माझी समजावी, त्यांची नव्हे. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या ओट्यावर बसून, ते बोलत गेले तसं मी वहीत उतरवून घेतलं. सुरुवातीला मी त्यांची भाषा शुद्ध करून लिहिली होती. वाचून दाखवली तर बाबा म्हणाले, हे कोन बोलतंय? मग मी ती पानं फाडली. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, एवढीच विनंती.

तर आमचं गाव मुरुमपासनं दोन कोसांवर, बेनीतुरा नदीच्या काठाला. तुला काय सांगायचं म्हना, तू हितलाच हाईस, पन वाचनारा कुठला आसंल कुनाला ठावं, म्हनून सांगतो, लिही. राज निजामाचं. कचेरीत उर्दू, बाजारात कानडी, घरात मराठी, आन् शिव्या तिन्हीतल्या. आमचा धंदा दोराचा. घायपात कुजवायची, झोडपायची, वाक म्हंजी आतला धागा काढायचा आन् वळायचा, नाडं, कासरं, दावी, वेसनी, गावात एक बैल आसा नव्हता का ज्याच्या गळ्यात आमच्या हातचं दावं न्हाय. आन् लगीनसराईत बा हलगी वाजवायचा. आसा वाजवायचा का नवरदेवाचं घोडं नाचायला लागायचं आन् वर बसलेला नवरदेव रडायला लागायचा, म्हनायचा कुनीतरी थांबवा ह्याला.

दोर काय एकट्याला वळता येत न्हाय. एकानं फिरकी फिरवायची आन् दुसऱ्यानं वाक सोडत सोडत मागं मागं चालायचं. दोघांचा मेळ बसला तर पीळ सारखा बसतो. म्या फिरकीवर, आन् मागं चालनारा माझा थोरला भाऊ, दगडू. आमचा दादा. मागं चालताना दादा कधी वळून बगायचा न्हाय, गानं म्हनत जायचा, आन् एकदा तसाच गानं म्हनत म्हनत उकिरड्यात जाऊन बसला. तरी हातातला पीळ सोडला न्हाय पठ्ठ्यानं. उकिरड्यातनं वरडतोय, मारुत्या, फिरव फिरव, थांबू नगंस.

मारुत्या म्हंजी म्या. व्हय, याकोब मागनं झालो. त्ये कसं झालं त्ये सांगतो. म्या आसंन तवा धा-बारा वर्साचा, आमच्या वस्तीवर पटकी आली. गावातनं कुनी पानी द्यायला बी येईना, आन् हे शिमोन मास्तर आले. नळदुर्गाकडं ऱ्हायचे, मिशनचे उपदेशक, तट्टावर बसून खेडीपाडी फिरायचे. अंगानं काटकी, चष्म्याची एक काच फुटलेली. त्ये आले आन् आमच्यात बसले. चार दिस बसले. बाचं डोकं मांडीवर घिऊन चमच्यानं पानी पाजलं. आमच्या बाचं डोकं, तवाच्या काळात, मांडीवर! बा उठला. उठल्या उठल्या म्हनला, मास्तर, तुमचा देव कोन हाय त्ये सांगा. मास्तर म्हनले, आधी पेज पे, देव कुठं पळून चाललाय.

मग नदीत आमचा बाप्तिस्मा झाला. पान्यात बुडवून वर काढलं तवा दगडूचा दावीद झाला आन् मारुतीचा याकोब झाला. पुढं दादाचं लगीन झालं, त्याची बायकू सरजा, ती सारा झाली. बाप्तिस्म्याच्या दिशी माय काठावर उभी व्हती, ती म्हनली, मास्तर, येवढाली नावं मला पेलायची न्हाईत, भाकर खायाला हाक मारायची तर दातात अडकायची. मास्तर लई हसले. मग आसं झालं का रविवारी प्रार्थनेत दावीद, याकोब, सारा, आन् सोमवार उजाडला का दगड्या, मारुत्या, सरजे. खुंटीला रविवारचा एक धुतलेला सदरा आसायचा, तशी ती रविवारची नावं. प्रार्थनेच्या खोपटातनं भाईर पडलं का सदरा बी काढायचा आन् नाव बी.

गावातली मान्सं चिडवायची. पाटलाचा गडी एकदा म्हनला, काय रं दगड्या, तुझा येसू औताला जुपतोस का न्हाय? दादा म्हनला, जुपायला कशाला पायजे, माझ्या पाठीवरचं वज्जं त्यो बिनजुपताच वडतो. मास्तरांना सुरवातीला प्रार्थनेत हलगी नको वाटायची, त्ये म्हनायचे पेटी वाजवा, टाळ वाजवा. बा म्हनला, मास्तर, कातडं बी देवानंच केलंय का न्हाय? तवापासनं आमच्या भजनाला हलगी. बा गेला त्यो गडबडीच्या आधी दोन साल. हलगी माझ्याकडं आली आन् रविवारची प्रार्थना चालवायचं बी माझ्याकडं आलं, कारन मास्तर म्हैन्यातनं एक डाव यायचे, बाकीचे रविवार म्याच.

आता गडबडीचं सांगतो. गडबडीचं साल म्हनत्यात आमच्याकडं त्याला, निजामाच्या राजाचं शेवटचं साल. पल्याड सोलापूर म्हंजी हिंदुस्थानात, आन् आल्याड आमी निजामात, मधी करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा नाका. कारहुनवी, आमच्याकडचा बैलांचा सन, आली व्हती तोंडावर. कारहुनवीला बैलाला नवा दोर लागतो, सगळ्या वर्साची कमाई त्या आठ दिसात. दादा म्हनला, सोलापूरच्या बाजारात नेतो भारा, तिथं गिऱ्हाईक चांगलं. वैनी म्हनली, नगा जाऊ, वाट बरी न्हाय. दादा म्हनला, चार दिसात आलोच. कुना पल्याडच्या गाडीवानाबरूबर गेला. त्यो गेला, आन् चार दिसात वाट बंद झाली. येनारा तिकडं, जानारा हिकडं. टपाल बी बंद.

पंधरा दिसांनी एक धनगर आला, म्हनला, नाक्याच्या अलीकडं वढ्यात गाडी मोडून पडलीया, बैल न्हाईत, मान्सं न्हाईत, हे घावलं. त्यानं खांद्यावरनं दोराचा भारा खाली टाकला. म्या हात लावला. दुसऱ्याला दोर म्हंजी दोर, पन वळनाऱ्याला आपला पीळ कळतो. त्यो आमचा पीळ व्हता, माझी फिरकी आन् दादाची चाल.

त्या पावसाळ्यात म्या काय काय भोगलं, लिहू नगंस सगळं. मायनं भाकर सोडली. माझ्या हातनं काम व्हईना, कारन दोराच्या दुसऱ्या टोकाला कोन? मग एक दिस वैनी उठली, पदर खवला, म्हनली, मारुतीभावजी, फिरकी घ्या. म्या म्हनलं, वैनी, बायामान्सानं मागं चालायचं? वैनी म्हनली, म्या काय फुडं चालते म्हनले का? घ्या फिरकी. आन् चालायला लागली. पयल्या दिसाचा दोर आसा झाला का बकरू बी तोडून जाईल. आमी दोघं बी हसलो. म्हैना झाला व्हता घरात कुनी हसलं नव्हतं.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं. गेलं त्ये बरं झालं, पन त्या चार दिसात गरीब मुसलमानांचे लई हाल झाले, त्ये बी खरंच. आमच्या गावात मकबूलभाई पिंजारी व्हता, कापूस पिंजून गाद्या भरायचा, कुनाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय. त्याची बायकापोरं आठ दिस आमच्या प्रार्थनेच्या खोपटात व्हती. मायनं त्यांच्यासाठी चूल पेटवली, आन् त्या पोरांबरूबर बसून पयल्यांदा भाकर खाल्ली.

वाट उघडली. लोकं परत यायला लागली. आज ह्याचा ल्योक आला, उद्या त्याचा जावई आला. आमचा दादा येईना. दिवाळी झाल्यावर म्या चालत सोलापूरला गेलो. निजामातनं पळून आलेल्यांच्या छावनीत गेलो, तिथल्या मान्सानं यादी बगितली, म्हनला दगडू न्हाय. बाजारात दोरवाल्यांना इचारलं, कुनी बगितला न्हाय. मग मिशनच्या दवाखान्यात गेलो. दारावर कारकून बसलेला, भला मानूस, त्यानं रजिस्टर उघडलं, पान पान बोट लावून बगितलं. म्हनला, दगडू नावाचं कुनी आलंच न्हाय बाबा. म्या तिथल्या पायरीवर घटकाभर बसलो, पानी पेलो, आन् परत वाटंला लागलो.

घरी आलो, सांगितलं. माकनीची मावशी आली व्हती, मायची भन. ती म्हनली, सरजे, आता खरं मान, बांगड्या फोड. वैनी म्हनली, मावशी, भावजी दर रविवारी त्यांच्यासाठी देवाकडं मागत्यात. मागत्यात तवर माझ्या बांगड्याला हात लावायचा न्हाय.

आता इथंच खरी आडचन व्हती बग. आमच्या मंडळीत आसं हाय का, जित्या मान्सासाठी मागायचं, त्याला राख, त्याला बरं कर, त्याला घरी आन. मेलेल्या मान्सासाठी मागायचं न्हाय. त्यो देवाजवळ पोचला, आता त्याच्यासाठी काय मागनार? त्याच्यासाठी फकस्त उपकार मानायचे, तू ह्याला आमच्यात ठेवला म्हनून. म्हंजी रविवारी दादाचं नाव घेताना मला ठरवायचं व्हतं, मागू का उपकार मानू. मागितलं तर दादा जिता. उपकार मानले तर दादा गेला, आन् त्याच दुपारी मावशी वैनीच्या बांगड्या फोडनार. म्या मास्तरांना इचारलं. मास्तर चष्मा पुसत बसले, मग म्हनले, याकोब, मी सांगितलं तर ते माझं होईल, प्रार्थना तुला करायची आहे. म्या मनात म्हनलं, वा मास्तर, येवढी वर्सं शिकवलंत आन् ऐन वक्ताला पळालात.

त्यो रविवार मला आजून दिसतो. खोपटात बारा-पंधरा मान्सं. म्या हुबा ऱ्हायलो. आजाऱ्यांची नावं घेतली, बाळंतिनीचं घेतलं, मग दावीद म्हनलो आन् माझं तोंडच बंद झालं. मागावं तर वाटं खोटं बोलतोय, उपकार मानावे तर वाटं सोताच्या हातानं मारतोय. किती येळ हुबा व्हतो, मला ठावं न्हाय. मग माझ्या तोंडातनं निघालं, म्या ठरवलेलं नव्हतं बरं का, म्या म्हनलो, देवा, मला कळत न्हाय. त्यो हिकडं आसला तर तुझा, तिकडं आसला तरी तुझाच. आमी बी तुझे. बस. आमेन म्हनायचं बी इसरलो.

आन् काय सांगू तुला, छातीवर मोट ठेवल्यावानी वज्जं व्हतं ना चार-पाच म्हैनं, त्ये उतरलं. उतरलं म्हंजी उतरलंच. दादा कुठं हाय त्ये कळलं नव्हतं, दुःख व्हतं तसंच व्हतं, पन आतमधी गार वाटत व्हतं, उनातनं येऊन माठाला गाल लावावा तसं. घरी आलो आन् मायला म्हनलं, भूक लागलीया. चार भाकरी खाल्ल्या. माय बगतच ऱ्हायली. मावशी मायच्या कानात म्हनली, ह्याला बी काय झालं का काय? वैनी म्हनली, कायी झालं न्हाय, त्येंनी उपकार मानले न्हाईत, बांगड्या शाबूत हाईत, आता मला बी वाढा.

मग नाताळ आला. मास्तर आले तट्टावर. माय म्हनली औंदा नको गाजावाजा, वैनी म्हनली का नको? म्या हलगी शेकली, कातडं तापून टनटन बोलायला लागलं, आन् म्या वाजवली. बाच्या मागं आसं कधी वाजवलं नव्हतं. सगळी वस्ती नाचली. मास्तर बी नाचले, खरं सांगतो, एक काच फुटलेल्या चष्म्यासकट. जेवायला मकबूलभाईला बलावलं व्हतं. म्या म्हनलं, याल का, आमचा सन हाय. त्यो म्हनला, जिस घर में छुपे, उस घर की ईद कू नइं आना क्या?

जेवनाआधी मास्तर मंडळीचं रजिस्टर वाचायचे, एकेकाचं नाव घ्यायचे आन् ज्याचं त्यानं हाजर म्हनायचं. सारा, हाजर. याकोब, हाजर. दावीद म्हनले आन् कुनीच बोललं न्हाय. मकबूलभाई पत्रावळीवरनं मान वर करून म्हनला, ये दाऊद कौन? म्या म्हनलं, आमचा दादा. त्यो म्हनला, तेरा दादा तो दगडू. म्या म्हनलं, रविवारी दावीद. त्यानं पत्रावळ बाजूला सारली. म्हनला, मारुती, तू सोलापूर गया तो क्या नाम पूछा?

म्या म्हनलं, दगडू.

सगळीकडं?

सगळीकडं.

दवाखाने में बी? पादरी के दवाखाने में जाके तू दगडू पूछ्या?

मकबूलभाईनं कपाळाला हात मारला. म्हनला, अरे बेवकूफों, खुदा के पास एक नाम से मांगते और सरकार के पास दूसरे नाम से ढूंडते! अर्धे हसले आन् अर्धे रडले. म्या हातातली पत्रावळ खाली ठेवली. आरं, मिशनच्या दवाखान्यात मिशनचा मानूस गेला तर कुठलं नाव सांगनार? धुतलेला सदराच घालनार ना? आन् आमाला कुनाच्या बी डोक्यात आलं न्हाय, कारन दादाला आमी जल्मात कधी दावीद म्हनून हाक मारली नव्हती. हाक मारायची तर दगडू. मास्तरांना म्या सांगितलं व्हतं सगळीकडं इचारलं म्हनून, त्येंनी बी नाव कुठलं इचारलंस त्ये इचारलं न्हाय. मास्तर उठले, जेवायच्या आधी तिथंच कागद मागितला आन् दवाखान्याला पत्र लिवलं.

आता नायलॉनच्या दोऱ्या आल्या, घायपात कुनी कुजवत न्हाय. खोपटाच्या जागंवर चर्च झालं, वर स्लॅब पडला, माईक बी आला. माझी नातसून नर्स हाय लातूरला. तू कालेजात जातूस, तुझा आजा आन् म्या एका आळीत वाढलो, त्याला सही येत नव्हती, आन् तू आमचं बोलनं कागदावर घालतूस. देव तुझं लई भलं करो, तुझ्या मायबापाचं बी. लोकं मला इचारत्यात, बाबा, बातमी आली तवा समाधान मिळालं आसंल. म्या म्हनतो, न्हाय. समाधान आधी आलतं, बातमी मागनं आली. उलटं आसतं तर त्यो फकस्त आनंद झाला आसता, आन् आनंद काय, बाजाराच्या दिशी बी व्हतो. आतलं गार ऱ्हानं येगळं. त्येवढं नीट लिही. बरं बरं, डोळे नको मोठे करूस, सांगतो पत्राचं.

संक्रांत झाली आन् एका बुधवारी, मास्तरांचा यायचा दिस बी नव्हता, तट्टू दिसलं. मास्तर लांबनंच कार्ड हलवत व्हते. म्या फिरकीवर, वैनी दुसऱ्या टोकाला. मास्तर खाली उतरले न्हाईत, तट्टावरनंच वाचायला लागले. दवाखान्यातल्या उपदेशकाचं कार्ड. दावीद जिता हाय. वढ्यात गाडी उलटली तवा मांडीचं हाड मोडलं, मागनं येनाऱ्या गाडीनं सोलापूरला नेला, जखम चिघळली, कितीतरी म्हैनं खाटंवर व्हता, आता कुबडी घिऊन चालतो आन् दवाखान्याच्या खाटा विनतो. चैताच्या आधी गाडीनं घरी धाडतो.

म्हंजी म्या पायरीवर बसून पानी पेलो तवा दादा भित्तीच्या पल्याड व्हता. माय खाली बसली आन् हसायला लागली, नुसती हसायला लागली. वैनी मातर म्हनली, हात मोडला नव्हता ना? मग एक कार्ड टाकाया काय झालं व्हतं? टपाल सुरू होऊन म्हैनं झालं.

मास्तर म्हनले, थांब सारा, पुढं ऐक. पावसाळ्यात कुनीतरी दादाला सांगितलं व्हतं का बेनीतुऱ्याकाठची आपली वस्ती सगळी जळाली, एक मानूस ऱ्हायलं न्हाय. खरं तर आमची घायपातीची गंजी तेवढी जळाली व्हती. दादानं खरं मानलं. कार्ड कुनाला टाकनार? तवापासनं दर रविवारी दवाखान्यातल्या प्रार्थनेत त्यो मायचं, साराचं आन् याकोबचं नाव घ्यायचा, आन् उपकार मानायचा.

वैनीनं हातातला वाक सोडला. पयल्यांदाच सोडला. म्हनली, आगं बया, म्हंजी येवढं दिस म्याच मेले व्हते का?

आन् कार्डात खाली लिवलं व्हतं का, तुमचं पत्र दावीदला दोन डाव वाचून दाखवलं. मग म्हनला, जित्ती हाईत? सगळी? मग ह्या रविवारपासनं मला मागाया लागंल.